कंपनीतला मेंटॉर आणि नाशिकचे विद्यार्थी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकच्या कॉलेजांतून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. इंजिनिअरिंग आणि डिप्लोमावाल्यांचे प्रश्न जास्त आहेत, कारण तेच जास्त लिहितात. कॉमर्स, सायन्स आणि कृषीच्या मुलामुलींनाही बहुतेक उत्तरं लागू पडतील. एकाच गोष्टीची दोनदा उजळणी नको म्हणून प्रश्नांना क्रमांक दिले आहेत.

१. मेंटॉर म्हणजे नक्की कोण? आमच्या कॉलेजात प्रत्येक बॅचला एक मेंटॉर सर आहेतच की.

कॉलेजचे मेंटॉर सर तुमची हजेरी, राहिलेले विषय, घरच्या अडचणी पाहतात. आपण इथे बोलतोय ते वेगळ्या माणसाबद्दल. तुम्हाला जे काम करायचं आहे ते जो रोज करतो आणि महिन्या-दीड महिन्यातून अर्धा तास तुमच्यासाठी काढायला तयार असतो, तो हा मेंटॉर. ओजेटीत (ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे अभ्यासक्रमातलं कंपनीतलं प्रशिक्षण) तुमच्या लॉगबुकवर सही करणारा सुपरवायझर वेगळा आणि एचआर त्याहून वेगळा. सुपरवायझर पुढे मेंटॉर होऊ शकतो, पुष्कळदा होतोही. एचआरकडून मात्र भरतीची माहिती मिळते, कामाची नाही.

२. मेंटॉर असला की नोकरी पक्की ना?

नाही. वशिला हवा असेल तर हे पान तुमच्या उपयोगाचं नाही. मेंटॉर दोन गोष्टी करू शकतो: चुकीच्या दिशेने जाणारं तुमचं वर्ष वाचवू शकतो आणि तुमचं काम पाहिलेलं असेल तर तुमच्याबद्दल खरं बोलू शकतो. रेफरलचं, म्हणजे कंपनीत तुमचं नाव सुचवण्याचं, प्रश्न १४ मध्ये आहे.

३. घरात कुणीच कंपनीत नाही, वडील शेती करतात. असा माणूस शोधायचा कुठून?

सर्वांत आधी तुमच्याच कॉलेजच्या, तुमच्याच शाखेच्या ३ ते ८ वर्षांपूर्वी पास झालेल्या मुलांची यादी काढा. ती प्लेसमेंट सेलकडे किंवा विभागप्रमुखांकडे असते. मिळत नसेल तर लिंक्डइनवर कॉलेजचं नाव टाकून माजी विद्यार्थी पाहा आणि ठिकाण नाशिक निवडा. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे, दिंडोरी पट्ट्यात काम करणारे दहा-पंधरा जण तरी सापडतात. अनोळखी माणसाला एकाच कॉलेजचा धागा पुरेसा असतो.

दुसरी जागा म्हणजे औद्योगिक भेट. भेटीच्या दिवशी जे अधिकारी मशीन दाखवतात त्यांचं नाव आणि विभाग लिहून घ्या. चाळीस जणांच्या बॅचमधून दुसऱ्या दिवशी आभाराचा मेसेज करणारा बहुधा एकटाच असतो, आणि तो लक्षात राहतो. तिसरी जागा म्हणजे निमा आणि आयमा या उद्योजक संघटनांची प्रदर्शनं आणि चर्चासत्रं. तिथे मोठ्या कंपनीच्या स्टॉलवर गर्दी करण्यापेक्षा वीस-पंचवीस कामगारांच्या वर्कशॉपच्या मालकाशी बोला. नाशिकमध्ये बॉश, महिंद्रा, सीएट यांची नावं सगळ्यांना ठाऊक असतात, पण मोठ्या कारखान्यांना पार्ट पुरवणाऱ्या छोट्या वेंडरकडे कोटेशनपासून डिस्पॅचपर्यंतचं सगळं काम एका छपराखाली पाहायला मिळतं.

शेतकरी घर ही अडचण नाही. द्राक्ष निर्यात, वायनरी, फळप्रक्रिया, खतं-औषधं यांत करिअर करायचं असेल तर वडिलांचा माल घेणारा पॅकहाऊसचा माणूस ही तुमची पहिली ओळख.

४. मॅनेजर गाठू की ज्युनिअर?

प्रश्नावर अवलंबून आहे. ‘आत शिरायचं कसं, मुलाखतीत काय विचारतात’ हे ३ ते ८ वर्षं अनुभव असलेल्यांना ताजं आठवतं. ‘क्वालिटीत जाऊ की डिझाइनमध्ये, वीस वर्षांनी कुठे असेन’ हे पंधरा वर्षं काढलेल्यांना विचारा. प्लांट हेडला पहिलाच मेसेज करण्याच्या फंदात पडू नका.

५. पहिला मेसेज कसा लिहू? ‘प्लीज गाइड मी सर’ लिहिलं तर उत्तरच येत नाही.

कारण त्या वाक्याला उत्तर देता येत नाही. पाच गोष्टी लिहा: तुम्ही कोण, त्यांचा पत्ता कसा लागला, तुम्ही आतापर्यंत काय केलं, एक नेमका प्रश्न आणि किती वेळ हवा. उदाहरणार्थ:

‘नमस्कार सर. मी मेकॅनिकल डिप्लोमाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आपण आमच्याच कॉलेजचे, हे विभागप्रमुखांकडून कळलं. मला टूल रूममध्ये काम करायचं आहे. सुट्टीत सहा आठवडे एका वर्कशॉपमध्ये मिलिंग मशीनवर काम केलं. टूल डिझाइनचा कोर्स आधी करावा की आधी दोन वर्षं मशीनवर काढावीत, एवढंच विचारायचं आहे. पुढच्या आठवड्यात आपल्या सोयीने वीस मिनिटं मिळतील का? फोनवरही चालेल.’

यात बायोडेटा जोडलेला नाही, आणि ते मुद्दाम. पहिल्याच मेसेजला बायोडेटा आला की समोरचा तो नोकरीचा अर्ज समजून एचआरकडे ढकलतो. हाच मेसेज वीस जणांना चिकटवू नका. एका विभागातली माणसं एकमेकांना स्क्रीनशॉट दाखवतात.

६. मेसेज कधी पाठवावा? आणि उत्तर आलं नाही तर?

कारखान्यात महिन्याचे शेवटचे पाच-सहा दिवस डिस्पॅचच्या धावपळीचे असतात. मार्चअखेर आणि दिवाळीच्या आधीचा आठवडा तर विसराच. सकाळी पाळी सुरू होतानाचा पहिला तास उत्पादनाच्या मीटिंगचा असतो. महिन्याच्या ५ ते २० तारखेदरम्यान, दुपारी जेवणानंतर मेसेज पाठवलेला बरा.

सीए ऑफिसचं गणित उलटं. दर महिन्याची ११ आणि २० तारीख जीएसटी विवरणपत्रांची असते, आणि जुलै ते सप्टेंबर प्राप्तिकर विवरणपत्रं आणि टॅक्स ऑडिटचे. द्राक्ष-वाइनच्या क्षेत्रात काढणी साधारण जानेवारी ते एप्रिल चालते. त्या काळात पॅकहाऊस आणि वायनरीतल्या माणसाला झोपायलाही वेळ नसतो. फळांसाठीची गोडी छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात. म्हणून या लोकांना जून ते ऑगस्टमध्ये गाठा. मात्र काम प्रत्यक्ष बघायचं असेल तर याच्या बरोबर उलट: परवानगी पावसाळ्यात मागा, जा फेब्रुवारीत.

उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदाच आठवण करा. त्यानंतरही शांतता असेल तर पुढच्या नावाकडे वळा. फोन करत राहू नका आणि गेटवर जाऊन उभे राहू नका.

७. भेटीत काय विचारायचं? दहा मिनिटांत प्रश्नच संपतात.

गूगलवर मिळेल ते विचारलं की तसंच होतं. कंपनी काय बनवते, किती प्लांट आहेत, हे घरून वाचून जा. मग हे विचारा:

काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही काय काय केलं? (‘तुमचं काम काय’ विचारलं की पदाचं वर्णन ऐकायला मिळतं, ‘काल’ विचारलं की खरं काम कळतं.)

नवीन आलेला मुलगा पहिल्या सहा महिन्यांत कुठे चुकतो?

माझ्यासारख्यांच्या आलेल्या दहा अर्जांतून तुम्ही माझा का नाकाराल?

कॉलेजात शिकलेलं काय रोज वापरता आणि काय कधीच लागलं नाही?

पुढच्या महिन्यात मी एकच गोष्ट करायची तर कोणती?

शेवटचा प्रश्न सोडू नका. त्याचं उत्तर म्हणजे तुमचं पुढचं काम, आणि पुढच्या भेटीचं कारणही तेच (प्रश्न ९). पगार विचारायला हरकत नाही, पण ‘तुम्हाला किती मिळतो’ असं नको. ‘या कामाला नाशिकमध्ये फ्रेशरला साधारण किती देतात’ असं विचारा. वही-पेन न्या. मोबाइलवर टिपणं घेतली तर मुलगा चॅट करतोय असं वाटतं, आणि बऱ्याच कंपन्यांत मोबाइल गेटवरच ठेवून घेतात.

८. भेटायला कुठे, काय घालून, काही घेऊन जायचं का?

कंपनीत बोलावलं तर ओळखपत्र, पूर्ण पाय झाकणारे बूट आणि बाहीच्या टोकाला लोंबणारं काही नाही असे कपडे. चपलेवर शॉप फ्लोअरवर सोडत नाहीत. बाहेर भेटायचं असेल तर त्यांच्या घरी जाण्या-येण्याच्या रस्त्यावरची जागा सुचवा; अंबडला काम करणाऱ्याला पंचवटीत बोलावू नका. पहिल्याच भेटीला रविवारच्या मिसळीचं आमंत्रण नको, चहा पुरे. भेटवस्तू अजिबात नको. निकालाचे पेढे चालतात.

९. पहिली भेट छान झाली, पण पुढे संपर्कच राहिला नाही. काय चुकलं?

बहुतेक वेळा इथेच सगळं सुटतं. मेसेज लिहिताना मेहनत घेणारी मुलं भेटीनंतर गप्प होतात, आणि चार महिन्यांनी ‘सर ओपनिंग आहे का’ म्हणून उगवतात.

त्याच संध्याकाळी दोन ओळींचे आभार पाठवा आणि त्यांत तुम्ही काय करायचं ठरवलं ते लिहा. चार ते सहा आठवड्यांनी हिशेब द्या: ‘सर, तुम्ही ड्रॉइंगवरची जीडी अँड टीची चिन्हं वाचायला सांगितलं होतं. दहा ड्रॉइंग वाचली. पोझिशन टॉलरन्समध्ये डेटम कसा निवडतात तिथे अडलोय. पानाचा फोटो जोडला आहे.’ अशा मेसेजला उत्तर येतं, कारण सांगितलेलं केलं हे दिसतं आणि अडलेली जागा नेमकी असते. कॉमर्सवाल्यांसाठी ती बँक रिकन्सिलिएशनची एक शीट असेल. कृषीवाल्यांसाठी ग्रेपनेट या सरकारी पोर्टलवर निर्यातीच्या द्राक्षबागेची नोंद कशी होते याचं एक पानी टिपण.

सांगितलेलं झालं नसेल तरी कळवा, कारणासकट. न झाल्याचा राग येत नाही, गायब होण्याचा येतो.

१०. माझं इंग्रजी कच्चं आहे. मेंटॉरशी मराठीत बोललो तर इम्प्रेशन खराब होईल का?

मराठीत बोला. नाशिकच्या शॉप फ्लोअरवर मराठी आणि हिंदीच चालते. अडचण बोलण्याची नाही, लिहिण्याची आहे: ड्रॉइंग, एसओपी (कामाची ठरलेली पद्धत), ग्राहकाचा ई-मेल, ऑडिटचा कागद सगळं इंग्रजीत. म्हणून रोज सहा ओळींचा एक ई-मेल लिहा (माल उशिरा आला, पार्ट रिजेक्ट झाला, मीटिंग पुढे ढकलली) आणि महिन्यातून एकच मेंटॉरला दाखवा. तीसच्या तीस पाठवू नका.

११. ओजेटीचे तास किती लागतात? सर्टिफिकेटवर काय काय असायला हवं?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार इंटर्नशिपच्या एका क्रेडिटला साधारण ३० तास धरतात, म्हणजे ४ क्रेडिटला १२० तास. दिवसाला ८ तास म्हटलं तर पंधरा दिवस. तुमच्या अभ्यासक्रमाचा आकडा विभागाकडून लेखी घ्या, शाखेनुसार फरक असतो.

सर्टिफिकेट कंपनीच्या लेटरहेडवर हवं. त्यावर सुरू-संपल्याची तारीख, एकूण तास, विभाग, प्रत्यक्ष केलेलं काम, सही करणाऱ्याचं नाव आणि पद, शिक्का. ‘प्रशिक्षण समाधानकारक’ एवढंच लिहिलेल्या कागदाचा पुढे मुलाखतीत काही उपयोग होत नाही. शेवटच्या दिवशी मागू नका. दहा दिवस आधी कच्चा मजकूर तुम्हीच टाइप करून सुपरवायझरला द्या. लॉगबुक रोजच्या रोज भरा. पंधरा दिवसांचं एका बैठकीत भरलेलं लॉगबुक एकाच पेनच्या शाईने ओळखू येतं.

१२. मी ओजेटीला न जाताही ओळखीचे सर सर्टिफिकेट देतो म्हणतात. घेऊ का?

नको. तोंडी परीक्षेत ‘मशीनची क्षमता किती, रिजेक्शन कशाने होत होतं’ विचारलं की पितळ उघडं पडतं, आणि सही करणाऱ्याचंही नाव जातं. त्याऐवजी त्याच सरांकडे रोज चार तास येण्याची परवानगी मागा.

१३. इंटर्नशिप, अप्रेंटिसशिप आणि मेंटॉर यांत काय फरक?

इंटर्नशिप शिकता शिकता होते, तिचे नियम कॉलेज आणि कंपनी ठरवतात, विद्यावेतन मिळेलच असं नाही. अप्रेंटिसशिप १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली येते: लेखी करार, सरकारी पोर्टलवर नोंदणी आणि नियमाने ठरलेलं किमान विद्यावेतन. ३० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेवर अप्रेंटिस घेणं बंधनकारक आहे. पदवी-डिप्लोमा झालेल्यांनी नॅट्स पोर्टल पाहावं, आयटीआयवाल्यांनी अप्रेंटिसशिप इंडिया. मुदत संपल्यावर कायम करण्याचं बंधन कंपनीवर नसतं, हे करारावर सही करण्याआधी लक्षात घ्या. सीए करणाऱ्यांची आर्टिकलशिप याहून वेगळी. नव्या योजनेत ती दोन वर्षांची आहे आणि इंटरमिजिएटचे दोन्ही ग्रुप झाल्यावर सुरू होते.

मेंटॉर या तिन्हींत कुठेच लिहिलेला नसतो. पण कोणता विभाग मागावा, हे तोच सांगतो. ‘जिथे जागा असेल तिथे’ म्हणणाऱ्याला स्टोअरमध्ये बसवतात. स्टोअर वाईट नाही, पण डिझाइन शिकायला आलेल्याचे बारा महिने तिथे गेले तर कठीण.

१४. रेफरल कधी आणि कसा मागू?

किमान दोनदा प्रश्न ९ मधला हिशेब दिल्यानंतर. आणि तेव्हाही जागा दिसली असेल तरच. मेसेजमध्ये जागेची लिंक किंवा जॉब नंबर, एका पानाचा बायोडेटा आणि मेंटॉरला जसंच्या तसं पुढे पाठवता येईल असा तीन ओळींचा मजकूर द्या. शेवटी लिहा: ‘सर, आपल्याला योग्य वाटत नसेल तर मोकळेपणाने सांगा.’ नकार आला तर कारण विचारा, एकदाच.

१५. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कंपनीचे आकडे, ड्रॉइंग, फोटो टाकले तर चालतात का?

विचारल्याशिवाय नाही. ड्रॉइंग क्रमांक, ग्राहकाचं नाव, पार्टची किंमत, रिजेक्शनचे खरे आकडे काढून टाका. आकड्यांऐवजी टक्केवारी किंवा निर्देशांक वापरा: ‘आधी १००, बदलानंतर ६४’. रिपोर्ट जमा करण्याच्या आठवडाभर आधी मेंटॉरला दाखवून ई-मेलवर ‘हरकत नाही’ घ्या. तोंडी होकार नंतर कुणाला आठवत नाही.

ओझरचा एचएएलचा विमान कारखाना किंवा नाशिकरोडच्या नोटा आणि मुद्रांक छापणाऱ्या प्रेससारख्या ठिकाणी काम करणारा मेंटॉर असेल तर आत काय चालतं हे विचारूच नका. भरती कशी होते, परीक्षेची तयारी, तिथल्या नोकरीतलं आयुष्य याबद्दल ते बोलू शकतात. परिसराचे फोटो नकोत, स्टेटसला तर नाहीच.

१६. घरचे म्हणतात एमपीएससी कर, मेंटॉर म्हणतात नोकरी धर. कुणाचं ऐकू?

मेंटॉरला स्पर्धा परीक्षेचा अंदाज नसतो आणि घरच्यांना तुमच्या क्षेत्राचा. दोघांनाही वेगळे प्रश्न विचारा. मेंटॉरला: ‘पदवीनंतर दोन वर्षांची खाच पडली तर या क्षेत्रात परत घेतात का, आणि त्या काळात हाताशी काय ठेवू?’ उत्पादन आणि मेंटेनन्समध्ये खाच चालून जाते, सॉफ्टवेअरमध्ये जास्त बोचते. घरच्यांशी: किती प्रयत्न, कोणत्या महिन्यापर्यंत, आणि नाही झालं तर काय, हे कागदावर. तारीख नसलेली तयारी वर्षानुवर्षं अभ्यासिकेत बसून राहते.

१७. नाशिकमध्ये थांबू की पुण्याला जाऊ?

ऑटो पार्ट, स्विचगिअर आणि इलेक्ट्रिकल, औषधनिर्मिती, अन्नप्रक्रिया, वाइन यांत नाशिकमध्ये पाया भक्कम होतो. आयटीत पुण्याच्या मानाने इथल्या जागा बऱ्याच कमी. पगाराची तुलना करताना पुण्याच्या आकड्यातून खोलीभाडं, मेस आणि प्रवास वजा करा. इथेही सगळं जवळ नाही: सिन्नर नाशिक शहरापासून सुमारे ३० किलोमीटर, आणि दुसऱ्या पाळीनंतर परत यायला बस मिळेलच असं नाही. ट्रेनीला कंपनीच्या बसमध्ये जागा असते का, साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, हे आधी विचारा. रविवारच असेल असं समजू नका.

१८. काकाच कंपनीत मोठ्या पदावर आहेत. त्यांनाच मेंटॉर केलं तर?

माहितीसाठी उत्तम, परीक्षणासाठी नाही. काका तुमचा बायोडेटा वाचून ‘ठीक आहे’ म्हणतील आणि दिवाळीला सगळ्यांसमोर विषय काढतील. त्यांच्याकडून त्यांच्या ओळखीच्या दुसऱ्या कुणाची वेळ मागा. दोन मेंटॉरांचे सल्ले उलटसुलट आले तर प्रत्येकाने तो स्वतःच्या कोणत्या अनुभवावरून दिला हे विचारा. मोठ्या कंपनीत वीस वर्षं काढलेला ‘स्थिर जागा बघ’ म्हणतो, वर्कशॉप चालवणारा ‘सगळं शिक’ म्हणतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात.

१९. मार्गदर्शनासाठी किंवा ‘प्लेसमेंट फी’ म्हणून पैसे मागितले तर?

थांबा. नोकरी देतो म्हणून आगाऊ पैसे, डिपॉझिट किंवा मूळ प्रमाणपत्रं मागणारा मेंटॉर नसतो. मूळ कागद कुणाकडेही ठेवायचे नाहीत, फक्त दाखवायचे. कंपनीच्या नावाने पत्र आलं असेल तर त्यावरच्या नंबरवर नको, कंपनीच्या संकेतस्थळावरच्या नंबरवर फोन करून खात्री करा.

२०. मेंटॉर रात्री उशिरा कामाशी संबंध नसलेले मेसेज करतात. कसं थांबवू? सर्टिफिकेट अडेल अशी भीती वाटते.

मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा. एकदा स्पष्ट लिहा: ‘सर, कृपया फक्त कामाबद्दल आणि दिवसा मेसेज करावा.’ पुढची भेट ऑफिसातच, मैत्रिणीला किंवा कॉलेजच्या समन्वयकांना कळवून. त्रास थांबला नाही तर कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने मुलींना तक्रारीचा हक्क आहे, आणि तो ट्रेनी व अप्रेंटिसनाही आहे. १० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान ठिकाणासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती. घटनेपासून ३ महिन्यांच्या आत लेखी तक्रार करायची. हा कायदा फक्त महिलांसाठी आहे. मुलांनी कॉलेजचा प्लेसमेंट अधिकारी आणि कंपनीचा एचआर यांना एकाच वेळी लिहावं. सर्टिफिकेटसाठी समन्वयकांना आत्ताच कळवून ठेवा, ते दुसऱ्या अधिकाऱ्याची सही मागवू शकतात.

२१. मेंटॉरनी सांगितलेला रस्ता सोडून वेगळंच ठरवलंय. न सांगताच सोडून देऊ का?

सांगा, आणि दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांगा. ‘सर, तुमच्या सल्ल्याप्रमाणे दोन महिने मेंटेनन्स पाहिलं. पीएलसीचं काम आवडलं, बाकी नाही. ऑटोमेशनचा कोर्स निवडतोय.’ एवढं पुरतं, माफी मागायची गरज नाही. मेंटॉरनी कंपनी बदलली तरी नातं तुटत नाही. फक्त जुन्या कंपनीच्या ई-मेलवर लिहिलेलं पोचत नाही, म्हणून दुसऱ्या भेटीतच त्यांचा खासगी ई-मेल विचारून ठेवा.